युरोपियन कायदा शोधायचाय? आधी काय, मग काय, आणि कुठे हमखास गडबड होते

लॉच्या शेवटच्या वर्षाची मुलं, एलएलएमवाले, मूट कोर्टवाले (सरावाचे खटले लढणारे), हल्ली एक्स्पोर्ट करणारे आणि आयटी कंपनीत प्रायव्हसीचं काम बघणारेसुद्धा, सगळे माझ्याकडे एकाच अवस्थेत येतात. हातात पंधरा-वीस पीडीएफ, त्यातल्या निम्म्या कुठल्यातरी लॉ फर्मच्या वेबसाइटवरच्या, दोन रद्द झालेल्या आणि एक भलत्याच कोर्टाची. मेहनत भरपूर केलेली असते, क्रम मात्र उलटा असतो. आधी गुगल, मग पीडीएफ, मग प्रश्न काय होता ते आठवायचं. म्हणून मी ज्या क्रमाने शिकवते तो क्रम इथे सविस्तर लिहून ठेवतेय. दोन तास शांतपणे बसलात तर जमेल, फक्त पायऱ्या गाळू नका.

एक सूचना आधीच देते. इथे सगळे नंबर मी देवनागरीत लिहिलेत, सर्च बॉक्समध्ये टाइप करताना आकडे आणि अक्षरं इंग्रजीतच टाका, नाहीतर रिझल्ट शून्य येईल.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि कुठलं "युरोपियन" ते ठरवा

वहीत एक वाक्य लिहा. "डेटा प्रोटेक्शनवर माहिती हवी" हा प्रश्न नाही. "२०१४ मध्ये भारतातून आंबा आणायला युरोपियन युनियनने कुठल्या कायद्याने बंदी घातली आणि आज काय नियम आहे" हा प्रश्न आहे. यात विषय, देश, वर्ष सगळं आलं. हेच उदाहरण मी पुढे वापरणार आहे कारण आपल्याकडे हापूसची बंदी सगळ्यांना आठवते, पण त्याचा मूळ कागद बघितलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

आता मोठा फाटा. युरोपात दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एक युरोपियन युनियन, २७ देश, त्याचं कोर्ट लक्झेंबर्गला. दुसरी कौन्सिल ऑफ युरोप, ४६ देश, तिच्या छत्राखालचं मानवी हक्कांचं कोर्ट स्ट्रासबर्गला, फ्रान्समध्ये. दोघांचा कायदा वेगळा, डेटाबेस वेगळा, निकालाचा परिणाम वेगळा. "युरोपियन कोर्टाने म्हटलंय" असं वाक्य पेपरात दिसलं की मी तिथेच थांबवते आणि विचारते, कुठल्या?

नावांचाही घोळ आहे. युरोपियन कौन्सिल म्हणजे युनियनमधल्या देशांच्या प्रमुखांची बैठक. कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन म्हणजे मंत्र्यांची कौन्सिल, ही कायदे पास करते. कौन्सिल ऑफ युरोप ही तर युनियनच्या बाहेरचीच संस्था. तिन्ही नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे दहा वेळा लागतील.

तपासून घ्या: तुमच्या प्रश्नात माल, व्यापार, स्पर्धा, डेटा, ग्राहक असं काही असेल तर बहुतेक लक्झेंबर्गची बाजू. छळ, अभिव्यक्ती, तुरुंगातली वागणूक, खासगी आयुष्य असं असेल तर बहुतेक स्ट्रासबर्गची. काही विषय दोन्हीकडे असतात, मग दोन्ही शोध वेगवेगळे करायचे, एकाच फोल्डरमध्ये कोंबायचे नाहीत.

आणि ब्रिटन? ते ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं, ट्रान्झिशन ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. लायब्ररीतली इंग्रजी पुस्तकं बरीचशी ब्रिटनमध्ये छापलेली असल्यामुळे त्यातलं "आपल्याकडे असं लागू होतं" हे वाक्य आज तिथे खरं असेलच असं नाही. ब्रिटनमधली आजची स्थिती हवी असेल तर त्यांच्या सरकारी कायद्यांच्या साइटवर वेगळं बघावं लागतं.

२. तारीख ठरवा

ही पायरी सगळे गाळतात. तुम्हाला आजचा कायदा हवाय की घटनेच्या दिवशीचा? २०१४ च्या मे महिन्यात अडकलेल्या कन्साइनमेंटबद्दल लिहिताय तर तेव्हाचा मजकूर लागेल. उद्या माल पाठवणाऱ्याला सल्ला देताय तर आजचा.

तारखांमध्ये आणखी एक खाच आहे. कायदा पास झाल्याची तारीख, छापल्याची, अमलात आल्याची आणि प्रत्यक्ष लागू झाल्याची, या चार वेगळ्या असू शकतात. जीडीपीआरचं, म्हणजे युनियनच्या डेटा संरक्षणाच्या कायद्याचं बघा: पास २७ एप्रिल २०१६, छापला ४ मे २०१६, अमलात २४ मे २०१६, आणि लागू २५ मे २०१८. "२०१६ पासून कंपन्यांवर बंधनकारक आहे" असं लिहिलं की परीक्षक लगेच गोल करतो, आणि बरोबरच करतो. या चारही तारखा कायद्याच्या शेवटच्या आर्टिकलमध्ये आणि युर-लेक्स या साइटवरच्या (पाचवी पायरी) माहितीच्या पानावर मिळतात, अंदाजाने लिहायची गरजच नाही.

३. आधी लायब्ररी, मग लॅपटॉप

मला माहितीये, हे कुणाला आवडत नाही. पण विषय नवीन असेल तर डेटाबेसमध्ये थेट उडी मारून काही हाती लागत नाही, कारण कुठला शब्द शोधायचा तेच माहीत नसतं. एका बऱ्या टेक्स्टबुकमधला एक चॅप्टर, वीस-पंचवीस पानं, एवढं वाचलं की तुम्हाला तीन गोष्टी मिळतात: मुख्य कायद्याचा नंबर, दोन-चार महत्त्वाचे निकाल, आणि त्या विषयातले खरे शब्द. वाचताना हे तीन कॉलम वहीत पाडूनच बसा.

शेल्फ शोधताना ड्युई पद्धतीच्या लायब्ररीत ३४१.२४२२ च्या आसपास बघा, लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत असेल तर केजेई. कॅटलॉगमध्ये "युरोपियन युनियन" आणि "लॉ" असं विषयाच्या फील्डमध्ये टाका, टायटलच्या नाही, कारण जुन्या पुस्तकांच्या नावात "कम्युनिटी लॉ" किंवा "कॉमन मार्केट" असायचं. पुस्तक तुमच्या कॉलेजात नसेल तर लायब्रेरियनना डेलनेटमधून, म्हणजे लायब्रऱ्यांच्या आपसातल्या नेटवर्कमधून, मागवता येईल का ते विचारा, कॉलेज सभासद असेल तर आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं बरं. युरोपात शिकायला गेलेल्यांनी आपल्या विद्यापीठात युरोपियन डॉक्युमेंटेशन सेंटर, म्हणजे युनियनचे कागद ठेवणारं केंद्र, आहे का ते बघावं, तिथले लायब्रेरियन याच कामात मुरलेले असतात आणि विचारलं तर मनापासून मदत करतात.

धोका: पुस्तक कुठल्या वर्षीचं आहे ते आधी बघा. ट्रीटीतल्या, म्हणजे युनियनच्या मूळ करारातल्या, आर्टिकलचे नंबर दोनदा बदललेत, एकदा अ‍ॅमस्टरडॅम ट्रीटीने १ मे १९९९ ला आणि एकदा लिस्बन ट्रीटीने १ डिसेंबर २००९ ला. आयातीवर संख्येची बंधनं घालायला मनाई करणारं आर्टिकल आधी ३० होतं, मग २८ झालं, आज ३४ आहे. आता कुणी २००३ चं पुस्तक वाचून "आर्टिकल २८" लिहिलं आणि आजची ट्रीटी उघडली तर तिथे भलतंच आर्टिकल निघतं, कस्टम्स युनियनचं. तसंच नॅशनल कोर्टाने लक्झेंबर्गला प्रश्न पाठवायचं आर्टिकल: १७७, मग २३४, आता २६७. घाबरायचं काही नाही, ट्रीटीच्या मागे जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता जोडलेला असतो, त्याची एक प्रिंट काढून पुस्तकात ठेवा.

४. नंबर वाचायला शिका

दहा मिनिटांचं काम आहे आणि नंतर कितीतरी तास वाचतात, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे. रेग्युलेशन आणि डायरेक्टिव्ह हे कायद्याचे दोन प्रकार, त्यांतला फरक सातव्या पायरीत येईल.

१ जानेवारी २०१५ च्या आधी रेग्युलेशनला आधी नंबर मग वर्ष असायचं, उदाहरणार्थ ३९६/२००५, हे अन्नातल्या कीटकनाशकांच्या अंशाचं रेग्युलेशन. डायरेक्टिव्हला आधी वर्ष मग नंबर, ९५/४६, हे जीडीपीआरच्या आधीचं डेटाचं डायरेक्टिव्ह. २०१५ पासून सगळ्यांनाच आधी वर्ष मग नंबर, आणि मालिका एकच. म्हणून २०१६/६७९ हे रेग्युलेशन आणि लगेच पुढचं २०१६/६८० हे डायरेक्टिव्ह. त्याआधी प्रत्येक प्रकाराची मालिका वेगळी होती, म्हणजे एकच नंबर आणि एकच वर्ष असलेलं रेग्युलेशनही असू शकतं आणि डायरेक्टिव्हही. नुसता नंबर लिहून उपयोग नाही, प्रकार लिहायलाच हवा.

आता सेलेक्स नंबर. हा प्रत्येक कागदाचा आधार नंबर समजा. पहिला आकडा विभागाचा, मग चार आकडी वर्ष, मग प्रकाराचं अक्षर, मग चार आकडी नंबर. जीडीपीआर म्हणजे ३२०१६आर०६७९. तीन म्हणजे कायदे, आर म्हणजे रेग्युलेशन. डायरेक्टिव्हला एल, डिसिजनला, म्हणजे ठरावीक बाबीपुरत्या निर्णयाला, डी. निकालांचा विभाग सहा, ट्रीटीचा एक, आधीच्या मसुद्यांचा पाच, आणि सुधारणा एकत्र करून केलेल्या मजकुराचा शून्य.

हापूसच्या बंदीचं डिसिजन २०१४/२३७, म्हणजे सेलेक्स काय होईल? ३२०१४डी०२३७. बघा, साइट न उघडता तयार झाला.

५. युर-लेक्सवर कायदा काढणं

युर-लेक्स ही युनियनच्या कायद्यांची अधिकृत साइट. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, २४ भाषांत आहे. इतर कुठल्याही साइटवरून कायदा डाउनलोड करू नका, कितीही सुंदर फॉरमॅट केलेला असला तरी.

आता मुलं काय करतात ते सांगते. सर्चमध्ये टाकतात "अल्फान्सो मँगो बॅन". मग युरोपियन पार्लमेंटमध्ये खासदारांनी विचारलेले प्रश्न, इकडचं तिकडचं काहीबाही येतं आणि डिसिजन मात्र वर दिसत नाही. का? कारण कायद्यात हापूस हा शब्दच नाही आणि बॅन हाही नाही. कायद्याला हापूस, पायरी, केसर कळत नाही, त्याला झाडाचं वनस्पतिशास्त्रातलं नाव कळतं, मॅन्जिफेरा. त्याच डिसिजनमध्ये आणखी चार नावं आहेत, कोलोकेशिया, मोमॉर्डिका, सोलॅनम मेलोंजिना आणि ट्रायकोसँथिस, म्हणजे आपलं अळू, कारलं, वांगं आणि पडवळ. बंदी १ मे २०१४ पासून आली ती या पाचांवर मिळून, नुसत्या आंब्यावर नाही, आणि हे मूळ कागद उघडल्याशिवाय कळत नाही कारण आपल्याकडच्या बातम्यांत हापूसच जास्त गाजला. शीर्षकातही "भारतातून येणाऱ्या काही फळांच्या आणि भाज्यांच्या बाबतीत घातक जीवांचा प्रवेश आणि फैलाव रोखण्याचे उपाय" अशा अर्थाचं लांबलचक काहीतरी आहे. म्हणून तिसऱ्या पायरीतले "खरे शब्द" लागतात.

नंबर माहीत असेल तर क्रम असा: सेलेक्स टाका, पान उघडा, आणि मजकूर वाचायच्या आधी वरची ओळ वाचा. हिरवी खूण म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. मग मजकुराच्या बाजूचा "डॉक्युमेंट इन्फर्मेशन" भाग उघडा. मी तर याला सोन्याची खाण म्हणते. तारखा, कुठल्या आर्टिकलच्या अधिकाराने हा कायदा केला, कुठल्या कायद्याने तो बदलला, कुठल्या निकालात त्याचा अर्थ लावला, विषयाचे शब्द, सगळं तिथे एका पानावर.

नंबर माहीत नसेल तर अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये जा, कलेक्शनमध्ये फक्त कायदे निवडा, शब्द टायटलमध्येच शोधा, वर्षाची मर्यादा घाला. रिझल्ट तीस-चाळीसच्या खाली आणेपर्यंत वाचायला सुरुवात करू नका.

आता आंब्याची साखळी पूर्ण करू. डिसिजन २०१४/२३७ कशाच्या आधारावर होतं? डायरेक्टिव्ह २०००/२९, वनस्पतींच्या आरोग्याचं. आंब्यावरची बंदी पुढे २०१५ च्या सुरुवातीला उठली, त्यासाठी आधीच्या डिसिजनमध्ये बदल करणारं दुसरं डिसिजन निघालं, ते याच माहितीच्या पानावरून सापडतं. आणि मूळ डायरेक्टिव्हच्या जागी नंतर रेग्युलेशन २०१६/२०३१ आलं, लागू १४ डिसेंबर २०१९ पासून, आणि तपशिलाचे नियम त्याखालच्या रेग्युलेशन २०१९/२०७२ च्या अ‍ॅनेक्समध्ये, म्हणजे परिशिष्टात, गेले. म्हणजे "आज काय नियम आहे" याचं उत्तर २०१४ च्या कागदात नाहीच. तरी लोक २०१४ ची पीडीएफ घेऊन बसतात आणि त्यावर पंधरा पानं लिहितात.

तपासून घ्या: तुमच्या कागदाचा आधार कुठला, तो आधार आज जिवंत आहे का, नसेल तर त्याच्या जागी काय आलं. तिन्ही उत्तरं वहीत आली तरच पुढे जा.

६. बदल एकत्र केलेला मजकूर आणि चूक-दुरुस्ती

माझ्या मामांच्या ओळखीतले एक द्राक्षबागायतदार आहेत, नाशिककडचे. त्यांना मी सुरुवातीच्या काळात रेग्युलेशन ३९६/२००५ ची मूळ प्रत काढून दिली होती, छान स्पायरल बाइंडिंग करून. ते अ‍ॅनेक्स बघत बसले आणि त्यांच्या औषधाची मर्यादा काही मिळेना. दोष पूर्ण माझा. हे रेग्युलेशन २००५ चं असलं तरी त्याचे अ‍ॅनेक्स सतत बदलत असतात, मूळ प्रत म्हणजे जुन्या घराचा नकाशा. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात कशी अडकली ते नाशिक-सांगलीकडच्या लोकांना सांगायला नको, त्यामुळे इथे चूक परवडत नाही.

म्हणून "कन्सॉलिडेटेड व्हर्जन" काढायची. सेलेक्स शून्याने सुरू होतो आणि शेवटी तारीख असते. डावीकडे तारखांची यादी येते, त्यातून तुमच्या दुसऱ्या पायरीतली तारीख निवडा. द्राक्षाचं म्हणाल तर अ‍ॅनेक्समध्ये टेबल ग्रेप्सचा कोड ०१५१०१० आणि वाइन ग्रेप्सचा ०१५१०२०, दोन वेगळ्या ओळी आहेत, खायच्या द्राक्षाला वाइनची ओळ वाचू नका. आणि एखाद्या औषधाची मर्यादा कुठेच दिलेली नसेल तर "मर्यादा नाही" असा अर्थ होत नाही, आर्टिकल १८ प्रमाणे साधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. रोजच्या कामासाठी कमिशनचा, म्हणजे युनियनच्या कार्यकारी संस्थेचा, पेस्टिसाइड डेटाबेस सोपा पडतो, पण लेखी आधार द्यायचा असेल तर रेग्युलेशनचाच द्या.

धोका: कन्सॉलिडेटेड मजकूर वाचायला उत्तम, पण त्याच्या वरच लिहिलेलं असतं की त्याला कायदेशीर परिणाम नाही, तो फक्त सोयीसाठी आहे. अधिकृत मजकूर ऑफिशियल जर्नलमधलाच, म्हणजे युनियनच्या राजपत्रातलाच. म्हणून वाचा कन्सॉलिडेटेड, आणि उद्धृत करताना मूळ आणि बदल करणारे कायदे द्या.

चूक-दुरुस्ती म्हणजे कॉरिजेंडम. छापलेल्या कायद्यातली चूक नंतर सुधारतात, आणि ती भाषेनुसार वेगळी असू शकते. जीडीपीआरची एक मोठी दुरुस्ती २३ मे २०१८ ला छापली गेली, लागू व्हायच्या दोन दिवस आधी. मूळ पीडीएफ २०१६ मध्ये उतरवून ठेवलेली असेल तर ती टाकून द्या.

ऑफिशियल जर्नलबद्दल दोनच गोष्टी. एल सिरीजमध्ये कायदे, सी सिरीजमध्ये बाकी माहिती. १ जुलै २०१३ पासून इलेक्ट्रॉनिक आवृत्तीच अधिकृत, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक कायदा स्वतंत्र छापला जातो म्हणून पान नंबर नसतो. नवीन कायद्याला पान नंबर शोधत बसलेली मुलं मी पाहिलीत, नाहीये तो, सोडून द्या.

७. रेग्युलेशन की डायरेक्टिव्ह, आणि आर्टिकल की रिसायटल

रेग्युलेशन थेट लागू होतं. डायरेक्टिव्ह देशांना उद्दिष्ट देतं आणि प्रत्येक देश आपापला कायदा करतो. त्यामुळे डायरेक्टिव्ह वाचून "जर्मनीत असा नियम आहे" असं लिहू नका, जर्मनीचा कायदा बघावाच लागेल. युर-लेक्सवर डायरेक्टिव्हच्या पानावर देशवार कायद्यांची यादी असते, "नॅशनल ट्रान्सपोझिशन" नावाने, आणि देशांच्या साइटवर जायला एन-लेक्स नावाचं पोर्टल आहे. भाषा येत नसेल तर मशीन ट्रान्सलेशनने दिशा कळते, तेवढंच, त्यावर वाक्य उभारू नका.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. कायद्याच्या सुरुवातीला "असे असल्यामुळे" पद्धतीचे क्रमांकित परिच्छेद असतात, ते रिसायटल. जीडीपीआरमध्ये रिसायटल १७३ आणि आर्टिकल ९९. रिसायटल अर्थ लावायला कामाला येतात, पण त्यातून स्वतंत्र हक्क किंवा बंधन निर्माण होत नाही. "जीडीपीआर आर्टिकल १२०" असं लिहिलेलं दिसलं की समजायचं रिसायटल वाचलेत.

भाषेचं एक. सगळ्या अधिकृत भाषांतला मजकूर सारखाच अधिकृत असतो, इंग्रजी मूळ आणि बाकी भाषांतर असं नसतं. एखाद्या शब्दावर वाद असेल तर युर-लेक्सवर तीन भाषा शेजारी-शेजारी उघडता येतात, फ्रेंच किंवा जर्मन थोडं येत असेल तर नक्की करून बघा.

८. लक्झेंबर्गचे निकाल

इथे साइट दोन, क्युरिया (कोर्टाची स्वतःची साइट) आणि युर-लेक्स. केस नंबर माहीत असेल तर क्युरिया, कायद्यावरून निकाल शोधायचा असेल तर युर-लेक्सचं माहितीचं पान.

नंबर असा वाचा: सी-१३१/१२. सी म्हणजे कोर्ट ऑफ जस्टिस, टी म्हणजे जनरल कोर्ट, आणि १२ म्हणजे केस दाखल झाल्याचं वर्ष, २०१२. निकालाचं नाही. ही गुगल स्पेनची केस, निकाल १३ मे २०१४. १९८९ च्या आधी अक्षर नसायचं, म्हणून व्हॅन गेंड एन लूस नुसती २६/६२, निकाल ५ फेब्रुवारी १९६३. टी म्हणजे खालचं कोर्ट, त्यामुळे टी चा निकाल वापरायच्या आधी वर अपील झालंय का ते बघायलाच हवं, अपिलाच्या नंबरला शेवटी पी असतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. एकाच केसमध्ये दोन मोठे कागद असतात, अ‍ॅडव्होकेट जनरलचं ओपिनियन आणि कोर्टाचा निकाल. ओपिनियन म्हणजे कोर्टाच्या त्या सल्लागाराचं मत, ते आधी येतं, सविस्तर असतं, वाचायला सोपं असतं, म्हणून मुलं तेच उचलतात. पण ते कोर्टावर बंधनकारक नाही. गुगल स्पेनमध्ये २५ जून २०१३ च्या ओपिनियनमध्ये म्हटलं होतं की त्या डायरेक्टिव्हमधून विसरलं जाण्याचा, म्हणजे सर्च रिझल्टमधून आपली माहिती काढून घ्यायचा, असा हक्क निघत नाही, आणि साडेदहा महिन्यांनी कोर्टाने नेमका उलटा निकाल दिला. एका मुलीच्या मूट मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, "कोर्टाने हक्क नाकारला" असं वाक्य होतं, बाजू मांडताना समोरच्यांनी निकालच वाचून दाखवला. ती नंतर लायब्ररीत येऊन बराच वेळ गप्प बसली होती. सेलेक्समध्ये निकालाला सीजे असतं आणि ओपिनियनला सीसी, एवढं एक अक्षर बघितलं असतं तर टळलं असतं.

नावावरून शोधतानाही जपून. २०१८ च्या जुलैपासून नॅशनल कोर्टांकडून येणाऱ्या केसेसमध्ये व्यक्तींची नावं आद्याक्षरांनी बदलतात, आणि २०२३ पासून बनावट नावं देतात. म्हणून नेहमी नंबर किंवा ईसीएलआय वापरा. ईसीएलआय म्हणजे निकालाचा कायमचा कोड, गुगल स्पेनचा ईयू, सी, २०१४, ३१७. उद्धृत करताना पान नंबर नको, परिच्छेद नंबर द्या.

धोका: कायदा रद्द होणं म्हणजे फक्त नवीन कायद्याने रद्द होणं नाही. डायरेक्टिव्ह २००६/२४, फोन आणि इंटरनेटचा डेटा साठवून ठेवायचं, कोर्टाने ८ एप्रिल २०१४ ला डिजिटल राइट्स आयर्लंडच्या निकालात अवैध ठरवलं. तसंच अमेरिकेला डेटा पाठवायच्या व्यवस्थेचं, २०१५ मध्ये एक पाडली, १६ जुलै २०२० ला दुसरी पाडली, आणि आत्ताचं डिसिजन १० जुलै २०२३ चं आहे. पुण्या-बंगळुरूच्या आयटीवाल्यांनी हेही लक्षात ठेवा की भारतासाठी असं, म्हणजे तिथे डेटा पुरेसा सुरक्षित आहे असं ठरवणारं, डिसिजन नाहीये, म्हणून तुमच्या करारात ते ठरावीक साचातले क्लॉज येतात, डिसिजन २०२१/९१४ चे.

९. स्ट्रासबर्गचे निकाल

डेटाबेसचं नाव हुडॉक. केसला अ‍ॅप्लिकेशन नंबर असतो, आधी क्रमांक मग दाखल झाल्याचं वर्ष. डावीकडे गाळण्या आहेत, त्यात आर्टिकल, देश आणि महत्त्वाची पातळी निवडा. नुसता शब्द टाकलात तर हजारो येतील, "की केसेस" निवडलं की हातात मावतात. लांब निकाल वाचायच्या आधी त्याचा लीगल समरी वाचा, पण उद्धृत मात्र निकालच करा.

इथली चूक: चेंबरचा निकाल शेवटचा समजणं. तीन महिन्यांत ग्रँड चेंबरकडे, म्हणजे त्याच कोर्टाच्या मोठ्या खंडपीठाकडे, पाठवायची विनंती करता येते. बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया, ६१४९६/०८, ऑफिसात कर्मचाऱ्याचे मेसेज मालकाने वाचल्याची केस. १२ जानेवारी २०१६ ला चेंबरने म्हटलं हक्काचा भंग नाही, ५ सप्टेंबर २०१७ ला ग्रँड चेंबरने म्हटलं भंग झाला. जानेवारीची बातमी जगभर गाजली होती, ती अजूनही गुगलवर मिळते आणि अजूनही लोक ती वापरतात.

१०. कायद्यामागचे कागद, गरज असेल तरच

अमुक शब्द का घातला हे दाखवायचं असेल तर मसुदा बघा. कमिशनच्या प्रस्तावाला कॉम नंबर असतो, आणि पूर्ण प्रवास पार्लमेंटच्या लेजिस्लेटिव्ह ऑब्झर्व्हेटरीवर दिसतो. जीडीपीआरचा प्रोसिजर नंबर २०१२/००११, त्यावर क्लिक केलं की २५ जानेवारी २०१२ च्या प्रस्तावापासून सगळं एका रांगेत. प्रस्तावातला मजकूर आणि पास झालेला मजकूर वेगळा असतो हे विसरू नका, आर्टिकलचे नंबरसुद्धा सरकलेले असतात.

लॉ जर्नलमधले अभ्यासलेख आता शोधा, आधी नाही. कॉलेजकडे हाइनऑनलाइन किंवा वेस्टलॉ (पैसे भरून वापरायचे लॉ डेटाबेस) असेल तर घरून लॉगिन मिळतं का विचारा. नसेल तर फ्लोरेन्सच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटच्या कॅडमस रिपॉझिटरीत बरंच काही मोफत मिळतं.

११. नोंदी आणि शेवटची फेरी

प्रत्येक कागदासाठी वहीत किंवा शीटमध्ये एकच ओळ: प्रकार आणि नंबर, सेलेक्स किंवा ईसीएलआय, कुठल्या तारखेचं व्हर्जन, चालू की बंद, वापरलेलं आर्टिकल किंवा परिच्छेद, आणि बघितल्याची तारीख. हे शोधतानाच भरायचं. शेवटी भरू म्हणणाऱ्यांना मी रात्री दोन वाजता टॅब उघडून बसलेलं पाहिलंय.

एआय चॅटबॉटने दिलेला निकाल असेल तर तो क्युरिया किंवा हुडॉकवर स्वतः उघडून, परिच्छेद वाचून मगच घ्या. नाव खरं, नंबर दुसऱ्याच केसचा, आणि अवतरण कुठेच नाही, असे नमुने माझ्यासमोर आलेत, आणि त्याची शिक्षा मुलांना झालीये, चॅटबॉटला नाही.

काम लांबणार असेल तर युर-लेक्सवर अकाउंट काढून सर्च सेव्ह करा, नवीन काही आलं की कळवायची सोय आहे. आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी शीटमधल्या प्रत्येक कायद्याचं पान पुन्हा उघडा, वरची हिरवी-लाल खूण आणि कन्सॉलिडेटेड व्हर्जनची तारीख बघा. तुमच्या शीटमधली तारीख आणि साइटवरची तारीख वेगळी दिसली, तर नेमकं कुठलं आर्टिकल बदललं ते बघून तेवढा परिच्छेद त्याच रात्री नीट करा.